सोमवारपासून नक्की! (वजन आणि मन: अनुभव धागा)

बशीभर

मागच्या आठवड्यात मैत्रिणींमध्ये हा विषय निघाला आणि रात्रीचे बारा वाजले तरी संपेना, म्हणून धागा काढतेय. भात बंद करावा का, दीक्षितांचा आहार की दिवेकरांचा, हे कृपया नको. त्यावर भरपूर भांडून झालंय. वजन उतरवताना (किंवा चढवताना) डोक्यात काय चाललं होतं आणि कुठे काय बदललं, तेवढंच लिहा. फसलेलंही लिहा, ते जास्त कामाचं असतं.

सुरुवात माझ्यापासून. उंची पाच फूट तीन, २०२१च्या दिवाळीत वजन ८४. मी दर सोमवारी डाएट सुरू करणारी बाई. बुधवारपर्यंत सगळं शिस्तीत, गुरुवारी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस. केकचा एक तुकडा पोटात गेला की लगेच डोक्यात सुरू, "मोडलंच ना? मग आता खाऊन घे, सोमवारपासून नक्की." एका तुकड्यापायी चार दिवस मोकळं रान. हा प्रकार माझा एकटीचा नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं. सत्तरच्या दशकात यावर प्रयोग झाले होते: सतत डाएट करणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला तर नंतर समोर ठेवलेलं आइस्क्रीम ते कमी नाही, उलट जास्त खायचे.

तर त्या दिवाळीत, दुपारी चारच्या सुमारास, मी ओट्याला टेकून चकल्या खात होते. डब्याचं झाकण डाव्या हातात, कारण खाली ठेवलं असतं तर आवाज झाला असता. सासूबाई पाणी प्यायला आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, बशीत घेऊन बस की. स्वतःच्या घरात चोरून काय खातेस?" त्या सहज बोलल्या होत्या, माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. मग बशीत तीन घेतल्या, बसून खाल्ल्या. चौथीची इच्छाच झाली नाही असं मुळीच नाही, चौथीही खाल्ली. पण डबा बंद झाला, आणि संध्याकाळी जेवताना "आज वायाच गेला दिवस" हे वाक्य आलं नाही. तेव्हापासून नियम एकच, उभ्याने काही खायचं नाही. काय खायचं ते ठरवायला मला अजून वर्ष लागलं.

दोनवेळचा

नको म्हणालात तरी एक वाक्य लिहितोच. २०१८मध्ये मी दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण, हे दीक्षितांचं केलं. पाच महिन्यांत १४ किलो उतरले, पुढच्या दीड वर्षात ११ परत आले. पद्धतीला दोष देत नाही, माझा मेहुणा त्यावर अजून मजेत आहे. मी ती शिक्षा म्हणून भोगली. कालनिर्णयवर दिवस खोडायचो! सुटका झाल्यावर कैदी काय करेल ते मी केलं, मिसळीपासून सुरुवात.

आणखी एक गाढवपणा. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले तेव्हा सोसायटीभर सांगत फिरलो. शरीरातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) कमी होताना आपल्या तिपटीएवढं पाणी घेऊन जातो, हे नंतर कळलं. त्या अडीच किलोंत चरबी थोडीच होती. पुढे काटा आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅमवर आला, तोच खरा वेग होता, आणि मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय.

सांगलीची वहिनी

मन वगैरे नंतर, आधी पातेलं. आम्ही घरात सात माणसं. मी सगळ्यात शेवटी जेवायची, आणि जेवण झाल्यावर खरं जेवण सुरू व्हायचं. धाकट्याच्या ताटातली अर्धी पोळी, आमटीत बुडालेला भात, पातेल्याच्या तळाला चार घास. एवढ्यासाठी वाटी कुठं फ्रिजमध्ये ठेवायची? आई म्हणायची, टाकून माजण्यापेक्षा खाऊन माजावं. माजलेच मग! त्यात महिन्याला दोन एकादश्या, आणि एकादशी दुप्पट खाशी: खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, वर बटाट्याचा कीस.

मी खाणं कमी केलं नाही, कणीक कमी केली. रोज बावीस पोळ्या व्हायच्या, आता अठरा. कमी पडली तर एक भाकरी टाकते. वर्षात चारदा पडली असेल. मुलांना थोडं-थोडं वाढायचं, लागलं तर परत. अकरा महिन्यांत पाच किलो गेले. अवघड गेलं ते एवढंच की पातेल्यात काही उरलं नाही तर आलेल्या-गेलेल्याला काय वाढू, ही धाकधूक. ती सुटायला निम्मं वर्ष लागलं. म्हणजे शेवटी मनच म्हणा.

काडीपैलवान

उलट्या बाजूचं चालेल ना? उंची पाच फूट आठ, वजन ४७. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सोळाच्याही खाली. जाड माणसाला निदान तोंडावर कुणी पटकन बोलत नाही, बारक्याला सगळे बोलतात. "वाऱ्याने उडशील रे", "घरी जेवायला देत नाहीत का?" उन्हाळ्यातही मी फुल शर्टात, मनगटं दिसू नयेत म्हणून.

माझी ठाम समजूत, "मी भरपूर खातो, पण अंगी लागत नाही." आहारतज्ज्ञ बाईंनी एक आठवडा खाल्लेलं सगळं लिहायला लावलं. वही बघून मलाच लाज वाटली. सकाळी दोन चहा, दुपारी खानावळीत तीन पोळ्या, संध्याकाळी चहा, रात्री कंटाळा आला म्हणून मॅगी. रविवारी मित्रांबरोबर मात्र बिर्याणी, आणि माझ्या आठवणीत तेवढा रविवारच राहिलेला. मग न्याहारी, दूध-केळी, शेंगदाणे आणि आठवड्यातून तीनदा व्यायाम. दीड वर्षात ५६. मित्रांना फरक दिसत नाही. मला अर्ध्या बाहीचा शर्ट दिसतो.

टेपवाला

मी ६२ किलो, पाच फूट सहा. मोबाइलमधलं ॲप मला हिरव्या रंगात दाखवायचं आणि मी वाढलेल्या पोटाला "बसून काम आहे हो" म्हणायचो. चाळिसाव्या वर्षी कंपनीच्या तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलंच नाही, शिंप्यासारखी टेप काढली. कंबर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९०, बायकांसाठी ८० ही मर्यादा.

तेव्हा पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं मधुमेहावरचं काम वाचलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा, आतून जाड, म्हणजे मीच की! वीस वर्षं मी "मला काय होतंय" या एका वाक्यावर वडापाव खात होतो.

शिलाईसोड

काडीपैलवान, तोंडावर बोलतात हो. ब्लाउजच्या शिंपीणबाई दर दिवाळीला न विचारता आतून दोन इंच जास्तीची शिलाई सोडायच्या आणि हसून सांगायच्या, "ताई, पुढच्या वर्षी लागेलच."

मला या धाग्याच्या विषयाचाच जरा राग आलाय. सहा वर्षं मी "मनावर घे, सगळं होतं" ऐकलं. मनावरच घेत होते, रोज पाच किलोमीटर चालत होते. शेवटी एका नवीन डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासलं. थायरॉईड. गोळी सुरू झाल्यावर चार किलो उतरले, त्यातही पाणीच जास्त असतं म्हणे. बाकीचे अठरा जागच्या जागी. म्हणजे आळशी नव्हते हेही खरं, आणि सगळं थायरॉईडचं नव्हतं हेही. दुसरं कबूल करायला जास्त जड गेलं, कारण गोळीवर ढकलून मोकळं होता आलं असतं. आता आठ उतरलेत, तीन वर्षांत. ज्यांना नुसतं "मनावर घे" सांगावंसं वाटतं त्यांनी आधी समोरच्याची टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून आणावी.

गृहपाठ

शिलाईसोड, शंभर टक्के. तरी एक गमतीचा प्रयोग सांगतो. २०११मध्ये मानसशास्त्रज्ञ आलिया क्रम यांनी लोकांना ३८० कॅलरींचा एकच मिल्कशेक दोनदा पाजला. एकदा लेबलवर ६२० कॅलरी, चैनीचा. एकदा १४०, शहाण्यांचा. चैनीचा समजून प्यायल्यावर भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, जास्त झपाट्याने खाली आलं. अभ्यास जेमतेम ४६ जणांचा, आणि यात कुणाचं वजन उतरलेलं नाही, हे लक्षात ठेवा. पण दुधीचा रस नाक दाबून पिऊन अर्ध्या तासात भूक का लागायची, त्याला निदान एक कारण मिळालं.

माउली

वजन उतरेल म्हणून मी आळंदी ते पंढरपूर पायी गेलो. गावोगावी पंगती, नाही म्हणायची सोय नाही. दीड किलो वाढवून आलो. विठोबाची तक्रार नाही, पोटोबा आधीच पुढे होता.

बशीभर

खासगी निरोपातून तिघींनी विचारलं, शेवटी किती उतरलं? ८४चे ७३ झाले, तीन वर्षांत. गणपतीनंतर ७४.४ आहे. पहिल्या दिवशी चार मोदक, वर तुपाची धार, बशीत, बसून. सासूबाईंनी पाचवा पुढे केला. मी हात आडवा धरला. "बशीत घे म्हणाले होते, बंद कर नव्हते म्हणाले," असं म्हणून त्या रुसून आत गेल्या. अजून रुसलेल्याच आहेत.