निपाणी-कागल पट्ट्यातला तंबाखू परदेशी सिगारेट कंपन्यांकडे का जात नाही?

प्रश्न : कागलचा विद्यार्थी

नमस्कार. मी कोल्हापुरात वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गात शिकत आहे. कागल तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचे काळे रान आहे. आजोबांच्या काळापासून तिथे विडीचा तंबाखू होतो आणि तो निपाणीच्या वखारीत जातो. भारतातून बेल्जियम, संयुक्त अरब अमिराती, इंडोनेशिया, इजिप्त अशा देशांना तंबाखूचे पान जाते, असे अभ्यासात वाचले. मग आमचा माल निपाणीच्या वखारीपुढे फक्त विडी कारखान्यांकडेच का जातो? अडचण परवान्याची आहे, दराची आहे की प्रतीची? ‘व्यापाऱ्यांनी वाट अडवून ठेवली आहे,’ असे वडील म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे? आमच्या रानात भट्टी बांधून सिगारेटचा तंबाखू घेता येईल का?

उत्तर : गुंटूरला नोकरी केलेला कोल्हापूरकर

वडिलांचा राग समजण्यासारखा आहे. पण निर्यातीच्या बाबतीत केवळ व्यापाऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाही. खरे कारण पानाच्या जातीत आणि ते वाळवण्याच्या रीतीत आहे.

परदेशात जाणारे आपले पान मुख्यतः व्हर्जिनिया जातीचे असते. ते आंध्रात प्रकाशम, नेल्लोर, गोदावरी या भागांत आणि कर्नाटकात हुणसूर, पिरियापट्टण या म्हैसूरकडच्या हलक्या जमिनींत होते. त्याची पाने खालून वर, पिकतील तशी तोडतात, काठ्यांना बांधून भट्टीत टांगतात आणि धूर पानाला न लागता केवळ नळ्यांच्या उष्णतेने, तापमान टप्प्याटप्प्याने वाढवत वाळवतात. त्यामुळे पानातली साखर टिकते आणि पान पिवळे-नारिंगी राहते. आपल्याकडे मात्र शेंडा खुडून, फुटवे काढून पान जाड आणि कडक केले जाते आणि मग अख्खे झाड कापून उन्हात वाळवले जाते. पानावर उमटणारे तांबूस ठिपके निपाणीचा जाणकार चांगल्या प्रतीची खूण मानतो, तर व्हर्जिनियाच्या खरेदीदाराला तेच डाग वाटतात.

सिगारेट कंपनीला आपल्या मिश्रणाची चव वर्षानुवर्षे तीच ठेवायची असते, म्हणून ती नुसता ‘तंबाखू’ विकत घेत नाही, तर ठरावीक झाडाच्या ठरावीक उंचीवरचे, ठरावीक रंगाचे पान घेते. यंत्रावर शीर आणि पाते वेगळे करून, ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास आणून, साधारण २०० किलोच्या खोक्यांत दाबलेला माल जहाजावर चढतो. विडीचा जर्दा हा चुरा असतो. त्यापासून सिगारेटचे बारीक तंतू कापता येत नाहीत.

भट्टीचा विचार मनातून काढावा, असे मी स्पष्टच सांगतो. १९७५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या आणि १९७६ पासून गुंटूरहून चालणाऱ्या तंबाखू मंडळाकडे व्हर्जिनियाच्या शेतकऱ्याची नोंदणी आणि भट्टीचा परवाना लागतो. किती पीक घ्यायचे हेही मंडळच दरवर्षी ठरवते आणि विक्री त्याच्याच लिलाव केंद्रांवर होते. विडी तंबाखूला हे काहीच लागू नाही. शिवाय आपल्या काळ्या भारी रानात हे पान त्या रंगाचे आणि त्या अंगाचे येणार नाही, मग परवाना मिळाला तरी उपयोग काय?

उत्तर : शिरोळचा जुना शेतकरी

गुंटूरच्या दादांचे म्हणणे पटते. तरी वडिलांच्या बोलण्यामागे इतिहास आहे, तो विद्यार्थ्याने समजून घ्यावा. १९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरचे उत्पादन शुल्क रद्द झाले आणि त्याबरोबर परवान्याची, नोंदींची जुनी व्यवस्थाही उठली. शेतकऱ्याला वाटले की सुटका झाली, पण दर ठरवण्याची ताकद वखारवाल्याच्या हाती गेली ती गेलीच. त्यातूनच १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर शेतकऱ्यांनी ठाण मांडले आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. तेव्हा व्यापाऱ्याने अडवली ती दराची वाट; परदेशाची वाट मुळात नव्हतीच. काळम्मावाडी धरणाचे पाणी आल्यावर कागलकडच्या पुष्कळांनी तंबाखू सोडून ऊस धरला. उसाचाही हिशेब सरळ नाही, पण तो विषय वेगळा.

कागलचा विद्यार्थी

आपणा दोघांचेही आभार. भट्टीचा नाद सोडला. मग पान नाही, तर तयार विड्याच निर्यात करता येतील का?

उत्तर : सीमाशुल्क दलाल, मुंबई (मूळचा गडहिंग्लजचा)

येतील आणि थोड्या प्रमाणात जातातही; मात्र दर वर्षी वाट अरुंद होत आहे. जागतिक शुल्कवर्गीकरणात कच्चा तंबाखू २४०१, सिगार-सिगारेट २४०२ आणि इतर तयार माल २४०३ या शीर्षकाखाली येतो. विडी शेवटच्यात मोडते. भारतातून बाहेर जाणाऱ्या मालाला आपला २००३ चा तंबाखू कायदा लागू होत नाही, त्यामुळे इथले ८५ टक्के आकाराचे आरोग्य-इशाऱ्याचे चित्र निर्यातीच्या पुड्यावर बंधनकारक नाही. जिथे माल उतरतो तिथला नियम मात्र पाळावाच लागतो. उलट बाजूनेही तेच आहे. आपल्याकडे पानपट्टीवर चित्राशिवाय विकले जाणारे परदेशी सिगारेटचे पाकीट दिसले, तर ते बहुधा चोरट्या वाटेने आलेले असते, कारण चित्राविना आयातच करता येत नाही.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. १९९९ मध्ये वेठबिगार बालमजुरीच्या संशयावरून तिथल्या सीमाशुल्क खात्याने एका भारतीय उत्पादकाच्या विड्या अडवल्या. २०१४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चार विडी उत्पादनांची विक्री बंद केली. १९९९ सारख्याच मजुरीच्या कारणावरून २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशाचे पानही अमेरिकेने अडवले, आणि मलावीची परकीय चलनाची मोठी कमाई तंबाखूवरच चालते.

म्हणून नमुना, दर, धुरीचे आणि वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र हे सगळे नंतरचे. सावध आयातदार आधी विडी कोणी वळली याची नोंद मागतो. आपल्या भागात विड्या घरोघरी वळल्या जातात आणि ठेकेदाराच्या वहीत एका बाईचे नाव असते. तिच्या सुपाशेजारी बसून घरातले आणखी कोण हात लावते, हे त्या वहीत सापडत नाही. प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर निपाणीच्या विडी कामगार संघटनांकडून सुरुवात करावी.