मदत हवी आहे: विलीज पिकअपला ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) बसवू की क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलच्या डिफमधली दातेरी जोडी) बदलू?

माझ्याकडे 1951 चा फोर व्हील ड्राइव्ह विलीज पिकअप आहे. इंजिन मूळचंच, 134 घनइंचाचं चार सिलिंडर एफ-हेड (इनटेक व्हॉल्व्ह वर, एक्झॉस्ट बाजूला). गिअरबॉक्स तीन गिअरचा टी-90, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, हाय आणि लो रेंजसह) डाना 18. दोन वर्षं खपून गाडी रस्त्यावर आणली आणि आता एकाच निर्णयापाशी अडलोय.

चिखलात आणि दगडधोंड्यांत गाडी सुरेख चालते. लो रेंज लावून पहिल्यात टाकली की उतारावर ब्रेकला पायही लावावा लागत नाही. पहिल्या गिअरचे 2.80 गुणिले लो रेंजचे 2.46 गुणिले क्राउन-पिनियनचे 5.38, म्हणजे एकूण 37. हे मला काहीही झालं तरी घालवायचं नाही.

त्रास आहे तो मोकळ्या रस्त्यावर. मागचा डिफ उघडून दात मोजले: क्राउनचे 43, पिनियनचे 8. 7.00-16 च्या टायरवर ताशी 80 किमीला इंजिन मिनिटाला 2950 फेऱ्यांच्या आसपास फिरतं. आजच्या इंजिनला हे काहीच नाही, पण या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) लांब, 111 मिमी आहे. आवाज आणि हादरे असे की जीव तुटतो, म्हणून 65 च्या वर मी नेतच नाही.

फेरे कमी करायला मोठे टायर नकोत. स्टिअरिंग आधीच जड आहे आणि ब्रेक चारही ड्रमचे. 4.88 चा क्राउन-पिनियन सेट घातला तर पुढचा-मागचा दोन्ही बदलायला हवेत, आणि एवढं करून 80 ला 2675. लो रेंजही 37 वरून 34 वर येते.

राहिला ट्रान्सफर केसवर पीटीओच्या (बाहेरची यंत्रं चालवायला ताकद काढून देणारा जोड) जागी बसणारा 25 टक्क्यांचा ओव्हरड्राइव्ह. त्याने 80 ला साधारण 2200 होतील. माझ्याकडे पीटीओ नाही, जागा रिकामीच आहे. पण 72 अश्वशक्तीत भरलेली गाडी ओव्हरड्राइव्हवर ओढेल का? आणि इतका जुना ट्रान्सफर केस तो भार सोसेल का? ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद 1:
ओव्हरड्राइव्हच घ्या. या इंजिनाचा टॉर्क 2000 ला सर्वाधिक असतो, त्यामुळे सपाटीवर 2200 ला ते खुशीत चालेल. चढ लागला की ओव्हरड्राइव्ह काढून साध्या तिसऱ्यावर या. खरी मजा दुसऱ्या गिअरमध्ये आहे. टी-90 चा दुसरा 1.55 आणि तिसरा 1, मधली दरी मोठी. दुसऱ्यात ओव्हरड्राइव्ह लावला की 1.16 मिळतो, आणि भरलेल्या गाडीला लांब चढावर नेमका तोच लागतो. मात्र आधी ट्रान्सफर केस उघडून इंटरमीडिएट शाफ्ट (मधला दांडा) आणि त्याची नीडल बेअरिंगं (बारीक सळ्यांची) बघा. शाफ्टवर चर पडलेले असतील तर तो बदलल्याशिवाय काहीही जोडू नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार. 1.16 चा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. गिअर ऑइल काढलं तेव्हा त्यात धातूच्या कणांची बारीक चकाकी दिसली होती, त्यामुळे शाफ्टबद्दल धाकधूक आहेच. रविवारी उघडतो आणि इथेच फोटो टाकतो.