बॉक्सिंगचा सिनेमा चांगला कधी होतो? बॉक्सिंगकडे दुर्लक्ष केल्यावर!

कट्ट्यावरचा

जरा चिथावणीखोर लिहितोय. सांभाळून घ्या, नाही घेतलंत तरी चालेल. बऱ्याच सिनेमांचे शेवट फुटणार आहेत, तेव्हा न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

माझं म्हणणं असं, की बॉक्सिंगवरच्या ज्या सिनेमांना आपण डोक्यावर घेतो त्यांना बॉक्सिंगशी फारसं देणंघेणं नसतं, आणि तेच त्यांचं बळ आहे. 'रॉकी' (१९७६) घ्या. पंधरा राऊंड होतात, निकाल जाहीर होतो आणि तो धड ऐकूसुद्धा येत नाही. रॉकी प्रेयसी ॲड्रियनच्या नावानं ओरडतोय, रिंगमध्ये माणसं घुसलीत, आणि त्या गोंधळात अपोलो क्रीड गुणांवर जिंकल्याचं कुणीतरी सांगून टाकतं. ज्या लढतीसाठी दोन तास बसवून ठेवलं तिचा निकाल दिग्दर्शक जॉन आविल्डसन असा अडगळीत टाकतो. का? तर जिंकणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, शेवटच्या घंटेला पायांवर उभे असलो की भरून पावलो, हे रॉकीनं आदल्या रात्रीच मान्य केलेलं असतं. क्रिकेटच्या सिनेमात असं करून बघा, लोक पडदा फाडतील.

'रेजिंग बुल' (१९८०) त्याच्याही पुढचा. लढतींना त्यात अगदी थोडा वेळ आहे. बाकी सगळं स्वयंपाकघर, संशय, भावाशी मारामारी. रॉबर्ट डी नीरोनं सुमारे २७ किलो वजन वाढवलं ते बॉक्सर दिसायला नव्हे, बॉक्सिंग सुटल्यावर फुगलेला, नाइटक्लबात शिळे विनोद सांगणारा जेक लामोटा दिसायला. 'मिलियन डॉलर बेबी'चा (२००४) शेवटचा मोठा भाग तर इस्पितळाच्या खाटेवर आहे. म्हणजे रिंग हे निमित्त. माणूस महत्त्वाचा. तोच माणूस खाणीत किंवा ट्रकवर असता तरी गोष्ट उभी राहिली असती.

डावा हुक

शेवटचं वाक्य मागे घ्या, मग बोलू.

कॉलेजात असताना मी थोडंफार बॉक्सिंग केलंय. नाव घेण्यासारखं काही नाही, नाक मात्र वाकडं आहे. त्या अधिकारानं सांगतो, 'रेजिंग बुल'मधल्या लढती काढल्या तर मागे एक बायकोला मारणारा संशयी माणूस उरतो. असले सिनेमे पैशाला पासरी आहेत. १४ फेब्रुवारी १९५१, शिकागो, शुगर रे रॉबिन्सनविरुद्धची लढत आठवा. तेराव्या राऊंडमध्ये पंचांनी लढत थांबवली, पण लामोटा खाली पडला नव्हता. पडद्यावर तो दोरांना हात टेकून उभा राहतो आणि चक्क मार मागून घेतो. वर रॉबिन्सनला सुनावतो, की तू मला पाडू शकला नाहीस. घरात जे पाप केलंय त्याची शिक्षा तो इथे भोगतोय, आणि हे त्याला स्वतःला कुठल्याही संवादात सांगता आलं नसतं. खाणीत कसं दाखवणार हे?

बरं, दिग्दर्शक स्कॉर्सेसीनं त्या थोड्या वेळासाठी किती खटाटोप केलाय! कॅमेरा दोरांच्या आत नेला, रिंगचा आकार प्रसंगाप्रमाणे लहानमोठा केला, ठोशांच्या आवाजात जनावरांचे आवाज मिसळले. निमित्तासाठी कुणी एवढं करत नाही.

राहिला 'मिलियन डॉलर बेबी'. तुमचं म्हणणं तिथे खरं आहे, आणि तिथेच तो सिनेमा कच्चा आहे. घंटा झाल्यावर, पाठ वळल्यावर ठोसा मारणारी किताबधारी बॉक्सर? आधीच्या राऊंडमध्येही ती राजरोस नियम मोडत असते. असल्या बॉक्सरला पंच केव्हाच बाद करतील. पण दिग्दर्शक इस्टवूडला नायिका मॅगीला खाटेवर न्यायचंय, मग बॉक्सिंगचे नियम गेले खड्ड्यात. पार्श्वभूमी म्हणून खेळ वापरला की असं होतं.

कट्ट्यावरचा

वाक्य मागे घेत नाही. :)

मॅगीच्या अपघाताबद्दल तुम्ही पंचाच्या नजरेनं बोलताय, मी प्रेक्षकाच्या. तिची मान मोडल्यावर, ती मागतेय म्हणून तिला मरण द्यावं का, हा जो प्रश्न तिचा कोच फ्रँकी याच्यासमोर उभा राहतो तो मला आजही सतावतो. अमेरिकेत अपंगांच्या संघटनांनी त्या शेवटाला जोरदार विरोध केला होता, तोही त्या प्रश्नावरून. ठोसा घंटेआधीचा की नंतरचा यावरून कुणी भांडलं नाही.

वसुधा ठाणेकर

तुम्ही दोघं अमेरिकेत रमलाय. आपल्याकडे याच वादाची परीक्षा एका आठवड्यात होऊन गेली आहे. जुलै २०२१. १६ तारखेला 'तूफान' आला, २२ला तमिळ 'सरपट्टा परंबरै'. दोन्ही प्राइमवर, दोन्हींत बॉक्सर, दोन्हींत त्याचं घसरणं आणि परत येणं.

'तूफान' आपल्या मुंबईतला. डोंगरीचा अझीझ, वसुलीची कामं करणारा, आणि त्याचे कोच नाना प्रभू. बॉम्बस्फोटात बायको गेल्यापासून मुसलमानांवर राग धरून बसलेला हा मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ आपण सगळ्यांनी पाहिलाय, काहींच्या तर घरातच आहे. परेश रावल त्याला सहज उभा करतो. तो आणि अझीझ यांच्यातच सगळा सिनेमा होता! पण दिग्दर्शक मेहरांनी काय केलं? अझीझला पैसे घेऊन हरवलं, बंदी घातली, संसार दिला आणि मग रेल्वे स्टेशनच्या चेंगराचेंगरीत अनन्याचा, म्हणजे अझीझच्या बायकोचा आणि नानांच्या मुलीचा, जीव घेतला. नवऱ्याला पुन्हा ग्लोव्ह्ज चढवायला आणि बापाला विरघळवायला एक डॉक्टर बाई मारावी लागली. एल्फिन्स्टनचा पूल ज्यांना आठवतो त्यांना तो प्रसंग जास्तच लागतो, आणि त्याचा वापर इतक्या स्वस्तात व्हावा याचा मला संताप आला.

'सरपट्टा'तल्या बायका मात्र कोपऱ्यात स्टुलावर बसून राहत नाहीत. नायक कबिलनची आई त्याला बॉक्सिंगपासून लांब ठेवायला झाडूनं बडवते, कारण त्याच वाटेवर तिनं नवरा गमावलाय. बायको मारियम्मा भांडते, रडते, खडसावते, आणि शेवटपर्यंत जिवंत राहते हेही काही कमी नाही.

पार्श्वभूमी असो की अग्रभूमी, हिरोला रिंगमध्ये ढकलायला घरातलं माणूस मारणाऱ्या लेखकांवर आधी बंदी घाला.

चहाबाज

ताई, +१.

अवांतर: 'गुलाम'मधला (१९९८) आमिर आठवतो का? बॉक्सर, आणि नाव सिद्धार्थ मराठे! मूळ कल्पना मार्लन ब्रँडोच्या 'ऑन द वॉटरफ्रंट'वरून, आणि 'रेजिंग बुल'च्या शेवटी लामोटा आरशासमोर बसून जे म्हणतो तेही त्याच सिनेमातलं. वर्तुळ थेट मुंबईत पूर्ण झालं म्हणायचं. मराठी सिनेमा स्वतः मात्र तालमीच्या लाल मातीतून उठून रिंगमध्ये जायला फारसा तयार नाही.

कट्ट्यावरचा

वसुधाताई, 'तूफान'वर वाद नाही. पण 'सरपट्टा'नं माझाच मुद्दा सिद्ध केला की हो. त्याची खरी गोष्ट उत्तर मद्रासच्या वस्त्यांची, जातीची आणि आणीबाणीची आहे. कबिलन प्रतिस्पर्धी वेंबुलीला लोळवतच असतो, तेवढ्यात द्रमुकचं सरकार बरखास्त झाल्याची बातमी येते, पोलीस कबिलनचे गुरू रंगन वाध्यार यांना धरायला येतात, सगळा विचका होतो. ३१ जानेवारी १९७६ची राजकीय घटना एका लढतीचा निकाल खाऊन टाकते. पुन्हा तेच, निकालाला किंमत नाही!

डावा हुक

निकालाला किंमत नसेल, लढतीला आहे. तुम्ही या दोन गोष्टींची सारखी गल्लत करताय.

त्याच सिनेमातला डान्सिंग रोझ नावाचा बॉक्सर घ्या. हात खाली, कमरेत लचक, ठोसा येतो तिथे हा नसतोच. ब्रिटिश बॉक्सर नसीम हमीदला ज्यांनी पाहिलंय त्यांना ओळख पटते. घरदार, दुःख, भूतकाळ असलं काहीही लेखकानं त्याला दिलेलं नाही, तरी सिनेमा संपल्यावर लोक त्याच्याबद्दलच बोलत होते. माणूस नुसत्या पायांच्या हालचालीतून कळतो तो असा. आणि कबिलन त्याला कसा हरवतो? आधी मार खात त्याची लय वाचतो, मग त्या लयीत मध्येच शिरतो. एरवी भडक डोक्याचा हा पोरगा तिथे पहिल्यांदा शांत दिसतो. पुढे दारूत वाहवत जाऊन तो नेमकं हेच गमावतो. ती लढत नसती तर त्यानं काय गमावलं हे तुम्हाला कळलंच नसतं.

'द फायटर'मध्येही (२०१०) तेच. अमेरिकेतल्या लोवेल गावचा बॉक्सर मिकी वॉर्ड, रस्ते दुरुस्तीचं काम करणारा, आई, बहिणी आणि व्यसनी भाऊ डिकी यांच्या कचाट्यात तोंडातून शब्द न काढणारा. सांचेझविरुद्ध तो राऊंडमागून राऊंड नुसता मार खातो आणि मग डाव्या हाताचा एकच ठोसा बरगडीखाली, यकृतावर. खेळ खलास. खरा वॉर्डही असाच लढायचा, १९९७ची ती लढत बघा. घरात जसा तसाच रिंगमध्ये: ऐकून घ्यायचं, ऐकून घ्यायचं आणि एकदाच बोलायचं. क्रिश्चन बेल आणि मेलिसा लिओ यांना ऑस्कर मिळालं, बडबडी पात्रं ना! वॉर्डची बाजू त्या ठोशानं मांडली.

पानगळ

तुमच्या चरित्रकथांची किंमत कोण मोजतं तेही बघा. 'सिंड्रेला मॅन'मध्ये (२००५) नायक ब्रॅडॉक गरीब, सज्जन, लेकुरवाळा. मग समोरचा राक्षस हवाच, म्हणून मॅक्स बेअरला माणसं मारल्याची मिजास असलेला दाखवला. प्रत्यक्षात १९३०मध्ये त्याच्याशी लढून फ्रँकी कॅम्पबेल मेला तेव्हा बेअर हादरला होता, त्यानं त्या कुटुंबाला पैशांची मदतही केली. १९३३मध्ये जर्मनीच्या श्मेलिंगला हरवताना चड्डीवर डेव्हिडचा तारा लावून उतरलेला हा माणूस. पडद्यावर नुसता खलनायक.

'द हरिकेन'नं (१९९९) तर जोई जिआर्डेलोनं १९६४मध्ये नायक रुबिन कार्टरविरुद्ध सरळ जिंकलेली लढत वर्णद्वेषी पंचांनी बहाल केल्यासारखी दाखवली. जिआर्डेलो जिवंत होता, कोर्टात गेला, स्टुडिओला तडजोड करावी लागली.

आणि फिलाडेल्फिया! 'रॉकी'तलं मांसाला ठोसे मारणं, संग्रहालयाच्या पायऱ्या पळत चढणं, हे तिथला खरा बॉक्सर जो फ्रेझर आपलंच म्हणून सांगायचा. रॉकीचा पुतळा ऐंशीच्या दशकापासून मिरवतोय. फ्रेझरचा उभा राहिला २०१५मध्ये, तो वारल्यावर चार वर्षांनी.

कट्ट्यावरचा

पानगळ, हा आरोप सगळ्याच चरित्रपटांवर करता येईल. बॉक्सिंगचा त्यात काय दोष?

पानगळ

दोष असा की रिंगमध्ये दोनच माणसं असतात. एकाची गोष्ट रंगवायची तर दुसऱ्याला काळं फासायचा मोह कायमचा. अकरा जणांच्या संघाला तो धोका कमी.

सराव सामना

'मुक्काबाज'चं (२०१८) कुणीच नाव घेईना? बरेलीत भगवानदास मिश्रा या स्थानिक दादाच्या घरची पडेल कामं करणारे बॉक्सर, खेळाच्या कोट्यातली रेल्वेची नोकरी, तिथेही साहेब फायली आणि पाणी आणायला लावणार. भारतीय बॉक्सरचा जन्म असाच जातो, रिंगमध्ये कमी आणि कार्यालयाच्या दारात जास्त. नायक श्रवणचं काम करणाऱ्या विनीत सिंहनं अंग मोडून सराव केला म्हणून ते पटतं. श्रवण शेवटी ज्या कारणासाठी रिंगवर पाणी सोडतो ते बघता मी कट्ट्यावरच्यांच्या बाजूचा. मत नोंदवून घ्या.

कट्ट्यावरचा

नोंदवलं. आता माझा हुकमाचा पत्ता: जॉन ह्यूस्टनचा 'फॅट सिटी' (१९७२). स्टॉकटन गाव, शेतात रोजंदारी, दारूचे गुत्ते, आणि टली नावाचा उतरणीला लागलेला बॉक्सर. तो लढत जिंकतो आणि आपण जिंकलो हेच त्याला कळलेलं नसतं! वरून मॅनेजरची उचल कापून हातात शंभर डॉलर. बोला.

डावा हुक

बोलतो. त्याच लढतीतला प्रतिस्पर्धी ल्युसेरो आठवा. एकटा बसनं येतो, लघवीतून रक्त जातंय, तरी रिंगमध्ये उतरतो. टली त्याच्या पोटावर मारतो तेव्हा प्रत्येक ठोशाला आपल्याला कळ येते, कारण आत काय चाललंय ते आपल्याला ठाऊक आहे आणि टलीला नाही. पानगळ, तुमच्या आरोपालाही हेच उत्तर: ह्यूस्टननं समोरच्यालाही माणूस ठेवलाय. ती भूमिका करणारा सिक्स्टो रॉड्रिगेझ स्वतः बॉक्सर होता, आणि तो ते मुरलेल्या नटासारखं करतो. म्हणजे तुमच्या हुकमाच्या पत्त्यातसुद्धा सगळ्यात जबरदस्त दहा मिनिटं रिंगमधलीच. खाण आणि ट्रकवाला सिनेमा कुठला ते सांगा, वाट बघतोय.