खेळ पाहायला शिकवणाऱ्या वडिलांचे ऋण कसे व्यक्त करावे?

प्रश्न :
माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, तरुणपणी कोल्हापुरातल्या एका तालमीत मेहनत केली होती. पुढे नोकरीमुळे माती सुटली, पण कुस्तीची ओढ सुटली नाही. खासबाग मैदानात कुस्त्या असल्या की ते मला सोबत नेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या या मैदानाची बैठक हौद्याकडे, म्हणजे कुस्ती चालते त्या मातीच्या आखाड्याकडे, उतरत जाते, त्यामुळे अगदी मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसते. परंतु ती समजण्यासाठी मला आबाच लागत. खडाखडी, म्हणजे सुरुवातीची उभ्याने होणारी झटापट, सुरू झाली की ते पैलवानांच्या पायांकडे पाहायला सांगत, डाव पडण्याआधी वजन कोणत्या पायावर गेले ते हलक्या आवाजात दाखवून देत आणि चितपट झालेल्या पैलवानाने कोठपर्यंत बचाव केला होता, हेही परतताना समजावत. आज मी कोणताही खेळ त्याच नजरेने पाहतो. आबांचे गुडघे आता थकले आहेत, मी नोकरीसाठी पुण्यात असतो आणि हे ऋण त्यांच्यापाशी बोलून दाखवायचे राहून जाते. शाल-श्रीफळ देऊन घरीच सत्कार करावा, असे भावंडे सुचवतात. आबांना ते अवघड वाटेल. कोणी असे काही केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
सत्कार नको, हे तुमचे मत मला पटते. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांना कुस्तीचे पहिले धडे वडिलांनी, दादासाहेबांनी दिले, हे मात्र थोड्यांच्याच लक्षात राहते. आबांना पुन्हा शिकवू द्या. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि पुष्कळदा गुणांवर सुटते, त्यामुळे मातीवर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटते. गुण कशाचे मिळाले ते तुम्ही सांगा, डाव त्यांना सांगू द्या. माझे वडील असेच एकदा दूरदर्शनसमोरून उठले आणि कलाजंग या डावासाठी आत शिरताना मान कोठे ठेवायची, हे त्यांनी माझा दंड धरून दाखवले. हे सारे तुमच्यामुळेच मला कळते, असे मी त्यांना तेव्हाच म्हणालो. वेगळा प्रसंग शोधावा लागला नाही.

प्रतिसाद २ :
माझ्या बाबतीत हे ऋण आईचे आहे. ती शाळेत खो-खो खेळत असे, आणि अंगणात पदर खोचून, खो मिळताच चवड्यांवर कसे उठायचे, ते तिने मला शिकवले. मी आता गावातल्या मुलींचा सराव घेते. गेल्या हिवाळ्यात आईला मैदानावर नेऊन, मला खेळ कोणी शिकवला ते मुलींना तिच्यासमोर सांगितले. ती काही बोलली नाही, पण थोड्याच वेळात खांबाजवळ उभी राहून एकेकीचे वळण सुधारू लागली.

प्रतिसाद ३ :
आपल्याकडे वडिलांसमोर असे बोलताना जीभ अडते, म्हणून मी पत्र लिहिले होते. ‘तुमचे उपकार आहेत’ असे मोघम लिहू नये. कोणती कुस्ती, कोणता डाव, त्या वेळी ते काय म्हणाले होते, हे आठवून लिहावे. वाचून झाल्यावर माझ्या वडिलांनी प्रथम माझ्या वर्णनातला डाव दुरुस्त केला आणि मग दुपारभर आम्ही कुस्तीवरच बोलत बसलो.