लिंक्डइनवर आपलं काय काय दुसऱ्यांना दिसतं? हिरवा ठिपका, प्रोफाइलच्या भेटी, लाइक (मदत हवी आहे)

मंडळी,

लिंक्डइनवर आपण कधी ऑनलाइन असतो, कुणाची प्रोफाइल उघडतो, कशाला लाइक करतो, यातलं नेमकं काय दुसऱ्यांना दिसतं आणि त्यातलं काय बंद करता येतं, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. सेटिंग्जमध्ये शिरलं की पानामागून पान उघडत जातं आणि कुठल्या बटणाने काय होतं याचा थांग लागत नाही.

पार्श्वभूमी सांगते. सध्याच्या नोकरीत राहूनच मी दुसरी नोकरी शोधते आहे. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही, आणि हातात ऑफर लेटर पडेपर्यंत सांगायचंही नाही. माझे मॅनेजर लिंक्डइनवर माझ्या कनेक्शनमध्ये आहेत. परवा मीटिंग संपल्यावर लॅपटॉप मिटता मिटता ते म्हणाले, "काल रात्री बराच वेळ लिंक्डइनवर दिसत होतात. काही विशेष?" आवाजात राग नव्हता, पण माझ्या मनात पाल चुकचुकलीच. खरं म्हणजे ते सांगत होते त्या वेळी मी झोपले होते. फोन उशाशी होता, इतकंच.

ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका कुणाला दिसावा ते 'फक्त कनेक्शन'वर ठेवलेलं आहे, पण मॅनेजरच कनेक्शन असल्यावर त्याचा उपयोग काय? त्यांना काढून टाकायचं नाही, ते त्यांच्या ध्यानात येईल. खातंही बंद करायचं नाही, कारण सध्या जिथे बोलणी चालू आहेत ती सगळी लिंक्डइनवरूनच आली. शिवाय प्रोफाइल जुनी झाली आहे, ती सुधारायची आहे. ती सुधारली की सगळ्यांना नोटिफिकेशन जातं का? आणि 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधत असल्याची खूण) लावावं की नको?

ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नुसतं 'प्रायव्हसी सेटिंग्ज बघा' असं सांगू नका, ती बघून झाली आहेत.

– कोरा कागद

पाऊलवाट

कोरा कागद, आधी ठिपक्याबद्दल. तो दोन प्रकारचा असतो. पूर्ण भरलेला हिरवा ठिपका म्हणजे माणूस त्या क्षणी लिंक्डइनवर आहे. मधून पोकळ, नुसती हिरवी कडा असलेला ठिपका म्हणजे माणूस आत्ता तिथे नाही, पण त्याच्या फोनवर ॲपची नोटिफिकेशन्स चालू आहेत, मेसेज केला तर त्याला कळेल. तुमच्या मॅनेजरांनी बहुधा हा पोकळ ठिपका पाहिला आणि तुम्ही जाग्या आहात असं धरून चालले. हा फरक फार थोड्यांना ठाऊक असतो आणि त्यातून असे गैरसमज होतात.

बंद करायचा तर: वर आपल्या फोटोवर टिचकी, 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी', त्यात 'व्हिजिबिलिटी', आणि तिथे खाली 'मॅनेज ॲक्टिव्ह स्टेटस'. तीन पर्याय आहेत: कुणालाच नाही, फक्त कनेक्शन, सगळे सदस्य. तुम्ही 'नो वन' करा. एकट्या मॅनेजरांपासून लपवण्याच्या फंदात पडू नका. तुमच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या फोनवर ठिपका दिसणार असेल तर एकाला वगळून काय साधलं?

याची एक किंमत आहे. तुम्ही ठिपका बंद केलात की दुसऱ्यांचेही ठिपके तुम्हाला दिसेनासे होतात. माझ्या मते ही किंमत काहीच नाही. दुसरा कधी जागा आहे हे कळून नोकरी मिळत नाही.

मेसेज वाचल्याची खूण आणि 'टाइप करत आहे' ही हालचाल मात्र या बटणाने जात नाही. ते वेगळं आहे, 'डेटा प्रायव्हसी'मध्ये मेसेजिंगच्या भागात. तिथेही देवाणघेवाणीचाच नियम: तुम्ही बंद केलंत की समोरच्याने वाचलं की नाही तेही तुम्हाला कळणार नाही. रिक्रूटरशी, म्हणजे भरतीसाठी माणसं शोधणाऱ्याशी, बोलणं चालू असताना 'वाचलं' ही खूण उपयोगाची असते, त्यामुळे ते बंद करावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

शिंपला

ठिपका ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. मला काळजी वाटते ती लाइकची.

तुम्ही एखाद्या पोस्टला लाइक केलं किंवा खाली काही लिहिलं, की ते तुमच्या कनेक्शनच्या फीडमध्ये तुमच्या नावासकट जाऊ शकतं. शिवाय तुमच्या प्रोफाइलवर 'ॲक्टिव्हिटी' नावाचा भाग असतो, तिथेही कुणी उघडून बघू शकतो. आणि हे लपवायचं वेगळं बटण लिंक्डइनने दिलेलंच नाही. पोस्ट ज्याची, ती कुणाला दिसणार हे तो ठरवतो. तुमची कमेंट त्याच्या पोस्टबरोबर जाते.

हे एवढ्या तळमळीने लिहिते आहे, कारण 'आमच्याकडे जागा आहे' अशा पोस्टखाली रोज शेकडो लोक 'इंटरेस्टेड' असं लिहून मोकळे होतात. पोस्ट टाकणाऱ्या माणसापर्यंत ते पोचेल न पोचेल, आपल्या टीममधल्या माणसांपर्यंत मात्र हमखास पोचतं. त्या ऐवजी पोस्ट सेव्ह करून ठेवा. सेव्ह केलेलं फक्त आपल्यालाच दिसतं. मग त्या व्यक्तीला थेट मेसेज करा किंवा जागेसाठी अर्ज करा. अर्ज केल्याची बातमी कनेक्शनला जात नाही.

आधी दिलेले लाइक मागे घेता येतात. आपल्याच प्रोफाइलवर 'ॲक्टिव्हिटी' उघडायची, 'रिॲक्शन्स'मध्ये जायचं आणि नोकरभरतीच्या पोस्टवर जे काही केलं असेल ते एकेक करून काढायचं. कंटाळवाणं आहे, पण एका बैठकीत होतं. आणि तुम्ही कुठल्या कंपन्यांना फॉलो करता तेही प्रोफाइलच्या तळाशी 'इंटरेस्ट्स'मध्ये दिसतं. एकदम पाच-सहा प्रतिस्पर्धी कंपन्यांना फॉलो केलं असेल तर बघणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

कोरा कागद

दोघांनाही मनापासून धन्यवाद. पोकळ ठिपक्याचं वाचून जीव भांड्यात पडला! ठिपका बंद केला. रिॲक्शन्स उघडून बघितल्या तर बऱ्याच निघाल्या, काढते आहे.

दुसऱ्यांच्या प्रोफाइल बघण्याचं काय? मी प्रायव्हेट मोड (नाव न कळू देता बघण्याचा पर्याय) लावला, तर आता माझी प्रोफाइल कोण बघून गेलं तेच दिसेनासं झालं. ती यादी मला हवी असते, रिक्रूटर येऊन गेला का ते त्यावरून कळतं. मधला एक पर्याय दिसतो, तो चालेल का?

पाऊलवाट

मधला पर्याय तुमच्यासाठी धोक्याचा. त्यात नाव जात नाही, पण हुद्दा, क्षेत्र अशी अर्धवट ओळख जाते. मोठ्या कंपनीत एकाच हुद्द्याची शेकडो माणसं असतात, तिथे ठीक. लहान टीममध्ये त्या हुद्द्याची तुम्ही एकट्याच असाल तर नाव लिहिल्यासारखंच झालं.

फुकटच्या खात्याला प्रायव्हेट मोड लावला की आपल्याकडे आलेल्यांची यादी जाते, तो नियमच आहे. पैसे भरून प्रीमियम घेतलं तर लपून बघताही येतं आणि यादीही राहते. पण जे स्वतः प्रायव्हेट मोडमध्ये येऊन गेले त्यांची नावं प्रीमियमवाल्यालाही कळत नाहीत. एवढ्यासाठी प्रीमियम घ्यावं असं मला वाटत नाही. ज्यांना तुमच्याशी खरंच बोलायचं आहे ते रिक्रूटर मेसेज करतातच.

मी असं करतो: रोज नावासकट फिरतो, आणि ज्या कंपनीत मुलाखत आहे तिथल्या लोकांच्या प्रोफाइल बघायच्या असतील तेव्हा आधी मोड बदलतो. प्रत्यक्ष मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीची प्रोफाइल मात्र नावासकटच बघावी. तयारी करून आलात असं त्यातून दिसतं, आणि ते चांगलंच.

दुपारची सावली

मी बरीच वर्षं नोकरभरतीच्या कामात आहे, म्हणून 'ओपन टू वर्क'बद्दल लिहितो.

त्याचे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी चौकट येते आणि ती सगळ्यांना दिसते. तुमच्या बाबतीत तो विचारही नको. दुसऱ्यात ते फक्त रिक्रूटरांना दिसतं, म्हणजे लिंक्डइनचं 'रिक्रूटर' हे पैसे भरून घ्यायचं साधन जे वापरतात त्यांना. तुमच्या सध्याच्या कंपनीतल्या आणि तिच्याशी संलग्न कंपन्यांमधल्या रिक्रूटरांपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं. पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, आणि हे ते स्वतःच सांगतं.

ही हमी का देता येत नाही ते आमच्या बाजूने बघा. तुमची कंपनी भरतीचं काम बाहेरच्या एजन्सीला देत असेल, तर त्या एजन्सीतला माणूस लिंक्डइनच्या लेखी तुमच्या कंपनीतला नसतो. त्याला तुमची खूण दिसते. त्याने तुमच्या एचआरला फोनवर सहज उल्लेख केला की संपलं. तसंच, प्रोफाइलवर सध्याच्या कंपनीचं नाव टाकताना यादीतून तिचं अधिकृत पान निवडलं नसेल, नुसतं नाव टाइप केलं असेल, तर कुणापासून लपवायचं हे त्यांच्या यंत्रणेला कळणार तरी कसं? हे आजच तपासा. नावाशेजारी कंपनीचा लोगो येत असेल तर पान जोडलेलं आहे.

आता माझं स्पष्ट मत. तुमच्याकडे आधीच बोलणी चालू आहेत, तर ही खूण लावूच नका. आम्ही माणसं शोधतो ती हुद्दा, कौशल्यं, अनुभवाची वर्षं यांवरून. तुमच्या कामात जी साधनं तुम्ही रोज वापरता त्यांची नावं 'स्किल्स'मध्ये आणि कामाच्या वर्णनात स्पष्ट असली तर तुम्ही सापडता. चांगले उमेदवार मला मिळाले त्यातल्या कित्येकांनी ती खूण लावलेली नव्हती.

प्रोफाइल सुधारायची आहे म्हणालात, तर क्रम महत्त्वाचा. हात लावायच्या आधी 'व्हिजिबिलिटी'मध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवायचं सेटिंग बंद करा. नवीन पद किंवा अनुभव भरताना त्या फॉर्मवरही 'नोटिफाय नेटवर्क' असं बटण असतं, तेही बघून घ्या. यानंतर बदलांचा बोभाटा होत नाही. बदल लपत मात्र नाहीत. जो प्रोफाइल उघडेल त्याला नवं सगळं दिसतंच. म्हणून हेडलाइन (नावाखालची ओळ), फोटो, सारांश, कौशल्यं एकाच रात्रीत बदलू नका. थोडं थोडं करा, कौशल्यांपासून सुरुवात करा, फोटो शेवटी.

अनामिक वाचक

एक मुद्दा कुणीच काढला नाही. लॅपटॉप कुणाचा आहे?

कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या नेटवर्कवर काय उघडलं जातं ते कंपनी बघू शकते, आणि तिथे लिंक्डइनचं एकही सेटिंग उपयोगाचं नाही. शोधाचं सगळं काम स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या इंटरनेटवर करा. 'साइन इन अँड सिक्युरिटी'मध्ये आपण कुठे कुठे लॉगिन केलेलं आहे त्याची यादी मिळते. ऑफिसचा लॅपटॉप त्यात दिसत असेल तर तिथूनच बाहेर पडता येतं.

तिथेच ईमेल पत्ताही तपासा. खातं उघडताना ऑफिसचा पत्ता दिलेला असेल तर रिक्रूटरने मेसेज केला की त्याची सूचना ऑफिसच्या मेलबॉक्सात येऊन पडते. मेसेजच्या पहिल्या ओळीसकट. स्क्रीन शेअर करत असताना कोपऱ्यात असं पॉपअप आलेलं मी समोर बसून पाहिलं आहे. त्या मुलीने काही बोलायच्या आत खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं होतं. स्वतःचा पत्ता आधी जोडा, तो मुख्य करा, मग ऑफिसचा काढा. नोकरी सुटल्यावर ऑफिसचा मेल बंद होतो, त्या दृष्टीनेही हे करायलाच हवं.

आणि रिक्रूटरांना कनेक्शनमध्ये घेणार असाल तर कनेक्शनची यादी फक्त स्वतःपुरती ठेवा, तसं सेटिंग 'व्हिजिबिलिटी'मध्येच आहे. सामाईक कनेक्शन तरीही दिसतात, तेवढं ध्यानात असू द्या.

कोरा कागद

ईमेलचा मुद्दा वाचून ताबडतोब बघितलं, ऑफिसचाच पत्ता मुख्य होता. बदलला. ऑफिसच्या लॅपटॉपवरूनही लॉगआउट झाले. कंपनीच्या नावाशेजारी लोगो आहे. 'ओपन टू वर्क' लावणार नाही, सावलीदादांचं म्हणणं पटलं. बदल कळवायचं सेटिंग बंद करून आज फक्त कौशल्यं भरली.

दोन शंका उरल्या. हे सगळं मी फोनवरच्या ॲपमधून केलं, घरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये पुन्हा करायला हवं का? आणि गूगलवर माझं नाव टाकलं की लिंक्डइनची जुनी हेडलाइन येते, ती कशी जाणार?

पाऊलवाट

पुन्हा करायला नको. ही सेटिंग्ज खात्याला लागतात, ॲपला नाही. तरी खात्री म्हणून ब्राउझरमध्ये एकदा उघडून 'नो वन' दिसतंय ना ते बघा.

गूगलचं वेगळं आहे. लॉगिन न केलेल्या माणसाला आणि सर्च इंजिनला आपल्या प्रोफाइलमधलं काय दिसावं हे सार्वजनिक प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. एकेक भाग बंद करता येतो किंवा सगळंच. मी तुमच्या जागी नाव आणि हेडलाइन ठेवून बाकीचं बंद केलं असतं, कारण मुलाखतीआधी तिथले लोक तुमचं नाव शोधणार. तिथे केलेला बदल गूगलवर लगेच उमटत नाही. त्यांची यंत्रणा ते पान पुन्हा वाचेल तेव्हाच जुनी ओळ जाईल, आणि तो वेळ लिंक्डइनच्या हातात नसतो. काही आठवडे गेले तरी घाबरू नका.