'पॉवर ऑफ अपॉइंटमेंट'ला मराठीत काय म्हणायचं?

वसईकर: ओळखीच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या इंग्रजी मृत्युपत्राचं मराठी करतोय. घर आणि वाडी पत्नीकडे तहहयात, तिच्यामागे ती ठरवेल त्या प्रमाणात मुलांना. तिच्या या वाटे ठरवण्याच्या अधिकाराला इंग्रजीत 'पॉवर ऑफ अपॉइंटमेंट' म्हणतात. मी 'नियुक्तीचा अधिकार' लिहिलं, तर घरचे विचारतात, नियुक्ती कुणाची? त्यात वडिलांच्या पश्चात मधला मुलगा वारला. त्याच्या पोरांना आजी वाटा देऊ शकते का?

सायली: सरळ 'मुखत्यारी' लिहा, सगळ्यांना कळतं.

कोर्टकचेरी: अजिबात नको. मुखत्यारपत्र साधारणपणे देणारा गेला की संपतं. हा अधिकार तर मृत्युपत्र करणारा गेल्यावर सुरू होतो.

दप्तरी: 'नेमणूक' काही वाईट नाही. पेशवाईच्या कागदांत नेमणूक म्हणजे ठरवून दिलेली रक्कमही. 'नेम' आला 'नियम'वरून. 'वाटे नेमून देण्याचा अधिकार' लिहा, मराठी कानाला बरोबर बसतं.

सायली: हे पटलं. आणि 'मुलांना'ऐवजी 'मुलाबाळांना' लिहिलं तर नातवंडंही आली, प्रश्न मिटला.

कोर्टकचेरी: तिथेच घात होईल! 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 99 पाहा. मृत्युपत्रात 'मुलं' म्हणजे पहिल्या पिढीचीच. 'मुलंबाळं' लिहिलंत तर भाषांतर करता करता नवं मृत्युपत्र कराल. कलम 109 नातवंडांना सांभाळून घेतं, पण मुलगा मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत वारला असेल तरच. इथे तो नंतर गेलाय.

वसईकर: आणि आजीनं काहीच नेमून दिलं नाही तर?

कोर्टकचेरी: मृत्युपत्रात त्याची तजवीज नसेल तर कलम 92, सगळ्या मुलांना सारखे वाटे. मयत मुलाचा वाटा त्यात धरायचा का, हे मूळ इंग्रजी वाक्य शब्दन् शब्द वाचल्याशिवाय सांगू नये. ते इथे टाका.

मायबोलीप्रेमी: 'मयत' अरबी, 'तहहयात' अरबी-फारसी. 'दिवंगत', 'आजीवन' का नको? आणि 'मृत्युपत्र' हा अभद्र शब्द सोडून 'इच्छापत्र' म्हणा.

दप्तरी: सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीत 'मयत' असतं, तलाठी तेच लिहितो, शेतकऱ्याला तेच कळतं. 'दिवंगत' सत्काराच्या पत्रिकेत शोभतं. तुमचा 'वारस'ही अरबीच आहे, तो काढून काय घालणार?

मायबोलीप्रेमी: 'दायाद'.

सायली: दायाद म्हटल्यावर आमच्या गावात एकालाही कळणार नाही. ज्यांच्या घराचा प्रश्न आहे त्यांना आधी वाचता आलं पाहिजे.

मायबोलीप्रेमी: वापरायलाच नाही घेतला तर कळणार कसा? 'महापौर'ही कधीतरी नवा होता.