अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांत पदवीसाठी प्रवेश : तुमचे अनुभव लिहा

मार्चअखेर आयव्ही लीगचे (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ जुन्या विद्यापीठांचे) निकाल लागले की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो. "दहावीला ९६ टक्के, सॅट या प्रवेशपरीक्षेत १५२०, कथकच्या परीक्षा झाल्यात. हार्वर्डचा चान्स किती?" याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं, तरी लोक ते देतात, काही जण तर पैसे घेऊन देतात. म्हणून हा धागा. बोलायचं फक्त बारावीनंतरच्या प्रवेशाबद्दल. एम.एस.ला गेलेल्या भाच्याचा दाखला इथे चालणार नाही, ते गणितच निराळं.

आधी आकडे. २०२४मध्ये हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि प्रवेश मिळाला १,९३७ जणांना. एमआयटीत एकूण साडेचार टक्क्यांच्या आसपास मुलं घेतली जातात, पण परदेशी अर्जदारांत हेच प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत खाली येतं.

लिहिताना एक गोष्ट आवर्जून सांगा : आर्थिक मदत मागितली होती की नव्हती? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, २०२२पासून डार्टमथ आणि बोडन, मग ब्राउन ही मंडळी परदेशी मुलाचा अर्ज वाचताना खिसा बघत नाहीत. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन, कॉर्नेल बघतात. स्टॅनफर्डला तर अर्जातच 'मदत नको' म्हटलंत की चारही वर्षं मागता येत नाही. त्यामुळे 'माझ्या मुलीला मिळालं' एवढ्यावरून दुसऱ्याला काहीच कळत नाही.

नाशिक जिल्हा, मुलाची आई

मदत मागितली होती, पूर्ण. मुलगा राज्य मंडळाचा. सगळ्यात जास्त दमवलं कागदपत्रांनी. नववीपासूनची गुणपत्रकं, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, शिवाय शाळेच्या समुपदेशकाचं पत्र. आमच्या ज्युनियर कॉलेजात समुपदेशक हे पदच नाही. मुलगा सकाळी क्लासला, कॉलेजात फक्त प्रात्यक्षिकांपुरता. त्याला नावानिशी ओळखणारे सर शोधायचे कुठून? शेवटी फिजिक्सच्या मॅडमनी पत्र लिहिलं आणि समुपदेशकाच्या जागी प्राचार्यांनी सही केली. ते चाललं.

मग सीएसएस प्रोफाइल. म्हणजे मदतीसाठी भरायचा फॉर्म, त्यात घरच्या पैशांचा सगळा हिशोब. आमची द्राक्षबाग सासऱ्यांच्या, माझ्या मिस्टरांच्या आणि दोन दिरांच्या नावावर, वाटणी झालेली नाही. सातबाऱ्यावर चार नावं, त्यातला आमचा हिस्सा किती आणि त्याची बाजारभावाने किंमत किती? शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न नाही. मी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लावला आणि एक पानभर खुलासा लिहिला : बाग विकायची नाही, विकता येणार नाही, गारपीट झालेल्या वर्षी काय हाती लागतं. एका कॉलेजच्या बाईंनी ईमेलवर उलट प्रश्न विचारले, अगदी नीट, समजून घेऊन. मोठ्या नावांनी सगळीकडून नकार दिला. मेन राज्यातल्या एका लहान कॉलेजने जवळजवळ सगळा खर्च उचलून घेतलं. गावात ते नाव कुणालाच माहीत नाही. "मग अमेरिकेत कशाला गेला?" असं विचारतात.

ठाणे, आता चेन्नईत शिकतोय

ऑलिंपियाडवाल्यांसाठी लिहितो. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातल्या गणिताच्या शिबिरापर्यंत पोचलो होतो, भारताच्या संघात नाही. आपल्याकडे समज असा की ऑलिंपियाड म्हणजे एमआयटीचं तिकीट. शिबिरातल्या ज्या कुणाला तिथे प्रवेश मिळाल्याचं मला माहीत आहे, ते संघातले होते, किंवा गणिताच्या जोडीला त्यांनी स्वतःचं काहीतरी वर्षानुवर्षं केलेलं होतं. आणि संघातल्यांनाही नकार आलेले आहेत. एमआयटीत परदेशी मुलं वर्गाच्या दहा टक्क्यांच्या आसपासच असतात, म्हणजे जगभरातले पदकवाले शंभर-सव्वाशे जागांसाठी. तिथे कॉमन अ‍ॅप (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच सामाईक अर्ज) चालत नाही, त्यांचा वेगळा अर्ज असतो. निकाल 'पाय डे'ला (पाय म्हणजे ३.१४, म्हणून), १४ मार्चला, तिकडच्या संध्याकाळी ६:२८ला. आपल्याकडे पहाटे ३:५८. घरचे सगळे जागे होते, तेवढं नको होतं. सीएमआयत (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आलो, मजेत आहे. मदत मागितली होती.

न्यू जर्सी, एडिसन

आमचा अनुभव इथे बसतो का बघा. मुलगा अडीच वर्षांचा असताना आलो. किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत इथल्याच सरकारी शाळेत. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा त्याला जोडलेल्या एच-४वर, ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी इतकी लांब की तो एकविसाचा होऊन आमच्या व्हिसातून बाहेर पडेल तरी नंबर लागायचा नाही. अर्ज भरताना कळतं, बहुतेक खासगी विद्यापीठांच्या लेखी तो 'इंटरनॅशनल'. ते राहण्याचा पत्ता बघत नाहीत, नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड बघतात. सरकारी अनुदान, सरकारी कर्ज काहीच नाही. त्याच्याच बाकावरचा मित्र स्थानिकांच्या ढिगात, हा मुंबई-शांघायवाल्यांच्या. शाळा तीच, शिक्षक तेच! सल्ला एवढाच की नववीत असतानाच प्रत्येक कॉलेजला स्पष्ट विचारा, आमच्या व्हिसावरच्या मुलाचा अर्ज तुम्ही कोणत्या गटात धरता. प्रत्येकाचं उत्तर सारखं नसतं.

पुणे, बाबा

मदत मागितली नव्हती. मुलगी कॉर्नेलला, अर्ली डिसीजनमध्ये. म्हणजे १ नोव्हेंबरला अर्ज आणि घेतलं तर जायचंच, असा शब्द. वर्षाचा खर्च सगळा धरून ९० हजार डॉलरच्या घरात. हुशार आहेच ती, पण पूर्ण फी भरणारे आणि आधीच शब्द देणारे आम्ही, याचा उपयोग झाला नसेल असं मी म्हणणार नाही.

> धागाकर्ती : इतकं सरळ लिहिल्याबद्दल आभार, काका. बहुतेक जण हा भाग गाळतात.

मुळशीच्या यूडब्ल्यूसीची (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) माजी विद्यार्थिनी, मूळ सोलापूर

माझी खरी चाळणी सोळाव्या वर्षीच झाली, अमेरिकेने नंतर बघितलं. मुळशीचं महिंद्रा कॉलेज ही यूडब्ल्यूसीची शाळा, अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षांचं आयबी, म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. मला शिष्यवृत्ती मिळाली. तिथून पुढे डेव्हिस हा शिष्यवृत्ती कार्यक्रम. २०००मध्ये प्रिन्स्टन, वेलस्ली, मिडलबरी, कोल्बी आणि कॉलेज ऑफ द अटलांटिक या पाच ठिकाणी सुरू झाला, आता शंभरच्या आसपास कॉलेजं आहेत. यूडब्ल्यूसीच्या मुलाला त्यांनी घेतलं की त्याच्या मदतीसाठी कॉलेजला अनुदान मिळतं. म्हणजे मदत मागणारा परदेशी मुलगा कॉलेजला कमी महाग पडतो. आमच्या वर्गातून इतके जण अमेरिकेला कसे जातात, याचं अर्धं उत्तर हे. दहावीची मुलं वाचत असतील तर बारावीची वाट बघू नका.

मुंबई, माजी विद्यार्थी म्हणून माझ्या अमेरिकेतल्या विद्यापीठासाठी मुलाखती घेतो

आमच्या मुलाखतीला लोक फार महत्त्व देतात. आमचं टिपण फायलीतला एक कागद असतो, फार क्वचित पारडं फिरवतो. मला कंटाळा येतो तो 'संस्थापक' मुलांचा. अकरावीत स्थापन झालेली संस्था, झोपडपट्टीत वह्यावाटप, वेबसाइट, आणि मुलाला तिथल्या एकाही पोराचं नाव सांगता येत नाही. कन्सल्टंटने ६५० शब्दांचा निबंध घोटून दिलेला असतो, तोही बोलायला बसल्यावर लगेच कळतो. कॉमन अ‍ॅपमध्ये दहा उपक्रम लिहायचे, प्रत्येकी १५० अक्षरांत. त्यात घरच्या जबाबदाऱ्यांचा रकाना आहे. धाकट्या भावाला सांभाळणं, दुकानावर बसणं, आजीचं आजारपण, सगळं तिथे लिहिता येतं. मराठी घरांतली मुलं हे लिहायला लाजतात. एका मुलीने पहाटेच्या भाजीच्या गाळ्यावरचा हिशोब सांगितला, अर्धा तास मीच प्रश्न विचारत होतो. तिला घेतलं की नाही ते नाही सांगत.

कोल्हापूर

प्रवेश मिळाल्यावरचंही लिहायला हवं. माझा प्रवेश २०२५चा. २२ मेला हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यताच सरकारने काढली, दुसऱ्याच दिवशी कोर्टाने स्थगिती दिली. मी हार्वर्डची नव्हे, तरी घरात घबराट. लगेच २७ मेपासून विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणं थांबलं, ते १८ जूनला परत सुरू करायचं ठरलं. आता सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची अट. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतली मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटं, खर्च कोण करणार एवढंच विचारलं. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) हातात आल्या आल्या तारीख घ्या, कर्जाच्या मंजुरीसाठी थांबू नका.

सांगली

नाशिकच्या ताई, सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच लागतं का? आमचीही जमीन सामाईक आहे, मुलगी आता अकरावीत.

> नाशिक : आमच्या कॉलेजने तशी अट घातली नव्हती. मी घरीच भाषांतर केलं, प्राचार्यांचा शिक्का घेतला, मूळ मराठी पानं सोबत जोडली. तुम्ही त्यांच्या आर्थिक मदत विभागाला ईमेल करून विचारा. आणि हेक्टर-आर तसंच ठेवू नका, एकरात लिहा.